स्वच्छ प्रत

“गप्प बसा सगळ्या. आता बाईसाहेब गाणार आहेत!” असं म्हणून म्हाताऱ्याने कॉम्प्युटरची कळ दाबली, हात मांड्यांवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

बाईसाहेब म्हणजे त्याची बायको, समोरच्याच खुर्चीत होती. गळ्याच्या मधोमध भोक, त्यावर पांढऱ्या जाळीचं फडकं. डॉक्टरांनी गाठीबरोबर अख्खं स्वरयंत्रच काढून घेतलं होतं, तेव्हापासून तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नव्हतं. शेजारी तिची मैत्रीण बसलेली. इस्पितळाच्या धोबीखान्यात दोघींनी जन्म काढला, ओल्या चादरीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. मैत्रिणीचा आवाज असा की धोबीखान्यात तिला तोफच म्हणत. दाराशी मुलगी उभी होती, बापाने फोन करकरून मुद्दाम बोलावलेली.

आधी व्हायोलिनं वाजली. मग गाणं सुरू झालं.

पहिल्याच ओळीला बायकोला कळलं, ही मी नव्हे.

गाणं तेच होतं. पण आवाज रेकॉर्डवरच्या मूळ गाणारीचा, काचेवर पाणी ओतावं तसा नितळ. ती गायची तेव्हा तिच्या गळ्यात वाफ असायची, थोडी खरखर असायची. पण जोर असा, की ती गायला लागली की धोबीखान्यातल्या इस्त्रीच्या गरम रोलरची शिट्टी लाजून बंद पडायची. एकदा म्हणे तिसऱ्या मजल्यावरच्या पेशंटला भूल चढेना, तेव्हा सर्जनने नुसती खिडकी उघडली आणि काम भागलं. ही गोष्ट तोफेनेच उठवलेली, तेव्हा निम्मी खरी धरावी. निम्मी धरली तरी पुष्कळ होते.

“ऐकलंस?” म्हातारा डोळे न उघडताच ओरडला. “मागे वाद्यंसुद्धा घातलीत त्याने! फुकट!”

म्हाताऱ्याचं ओरडणं रागाचं नव्हे, धंद्याचं. लोखंडी टाक्यांच्या आत बसून त्याने उमेदीची सगळी वर्षं रिव्हेट ठोकले. कान त्याच्या आधीच रिटायर झाले. यंत्र घातलं तरी त्याच्या कानाला बायकांचे सगळे आवाज म्हणजे एकच उकळती किटली. चाल तेवढी कळायची. एकाला ऐकू येत नाही, एकीला बोलता येत नाही, या घरात भांडण होणार तरी कसं, असं तोफ म्हणायची. व्हायचं. पाटीवर लिहून व्हायचं, आणि पाटी फुटेस्तोवर व्हायचं.

कान शाबूत होते तेव्हा मात्र तो बायकोसमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसायचा. ती गायची, तो भरून ठेवायचा. खोकाभर कॅसेटी झाल्या. ऑपरेशननंतर खोकं उघडलं, तर फितींना बुरशी. म्हाताऱ्याचं धाबं दणाणलं. तेव्हा मुलीनेच घरी मिटायचा छोटा कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात गाणी ठेवायचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं.

म्हातारा त्याच्या प्रेमातच पडला. का पडू नये? दोन अक्षरं टाकली की गाणं हजर. पेन्सिल घालून फीत गुंडाळायला नको, साइड पलटायला नको. सालाप्रमाणे म्हणाल तर सालाप्रमाणे, चालीप्रमाणे म्हणाल तर तशी, शाळेतली पोरं रांगेत उभी करावीत तशी गाणी उभी. प्रत्येकाशेजारी फोटो लावायची सोय. त्याने सगळीकडे बायकोचा एकच फोटो लावला, धोबीखान्याच्या दारातला, ॲप्रन घातलेला. एकेक कॅसेट त्याने आत चढवली, गाण्याचं नाव एका बोटाने टाइप केलं, आणि गायिका म्हणून तिचं नाव. बायकोला पत्ता लागू दिला नाही. “दार लावून भजी तळताय का कारखाना चालवताय आत?” असं तिने पाटीवर लिहून विचारलं, तर पाटीच पुसून टाकली.

गाणं संपलं. तोफेने तोंड उघडलं.

“अगं बाई, पण ही तर—”

खुर्चीखालून तिने तोफेच्या पावलावर टाच ठेवली आणि सगळा भार दिला. तोफेने तिच्याकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली. नको.

“काय म्हणतेस?” म्हाताऱ्याने कान पुढे केला.

तोफ पुढे सरकली. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन दणकन बार काढला, “म्हटलं, हीच हो ती! अशीच गायची मेली, कामात लक्ष नाही!”

म्हातारा इतका हसला की कवळी सावरावी लागली.

“बाबा, कॅसेटी कुठं आहेत?” मुलीने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

“आं?”

“कॅसेटी! मूळच्या!”

“भंगारात दिल्या. सगळं आत गेलंय, आता ती बुरशी कशाला जपायची?”

मुलीने चहाचं निमित्त करून कॉम्प्युटर उचलला आणि आईला स्वयंपाकघरात नेलं. ओट्याशी उभ्या उभ्याच तिने इकडे दाब, तिकडे दाब केलं. मग थांबली.

“आई, याने विचारलं होतं गं. ‘ध्वनिमुद्रणाचा दर्जा कमी आहे, याच नावाची स्वच्छ प्रत मिळाली, बदलायची का?’ बाबांनी ‘होय, सगळ्या’ दाबलंय. त्यांना वाटलं असणार, हे घासूनपुसून देतंय. जागा वाचवायला याने जुनी प्रत पुसली. हे मेलं ऐकत नाही, फक्त नाव वाचतं.”

नाव तिचंच राहिलं होतं. फोटोही. तेवढा आवाज गेला होता. म्हणजे दुसऱ्यांदा गेला.

“थांब, एक आहे,” मुलगी एकदम म्हणाली. “याला नावच दिलं नाही बाबांनी, म्हणून हात नाही लावलेला. बघ, अज्ञात कलाकार.”

तिने आवाज बारीक करून लावलं. आधी फितीची खरखर. मग, “थांबा हो. घशात सारखं काहीतरी अडकतंय.”

आईने कान जवळ नेला. तोच आवाज. वाफेचा.

मग खोकला. बराच वेळ, कोरडा. मागे लांबून एक पोरगी ओरडली, “आई, माझी छत्री कुठंय? कॉलेजला उशीर होतोय!” मग म्हाताऱ्याचा आवाज, तेव्हाचा, जवान, “पाणी पी आणि पुन्हा घे. पहिल्यापासून.” आणि खट्.

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. छत्री मागणारी ती स्वतःच होती. त्यानंतर तिचं शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न झालं, पोर झालं, आणि मग कुठे आईचं ऑपरेशन. त्रास कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. तिघांनी एकमेकांकडे पाहून सांगितलं होतं, हल्लीच.

“आई,” मुलगी म्हणाली. तिचं नाक वाहू लागलं.

आईने पदराने तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

“बाबांना सांगायचं?”

तिने फ्रिजवरची पाटी ओढली आणि लिहिलं, “कान गेले, हात थरथरतात. एवढं एक त्यांनी केलंय. राहू दे.”

“मग याला तरी तुझं नाव घालते.”

तिने मुलीचं बोट धरून बाजूला केलं आणि कॉम्प्युटर मिटला.

“अगं, चहा उगवून आणताय का?” बाहेरून हाक आली. “अजून पुष्कळ गाणी आहेत! आज सगळी ऐकवणार आहे!”

ती बाहेर आली आणि या वेळी त्याच्या शेजारी, सोफ्यावर बसली. तोफ खिडकीबाहेर बघत होती. मुलीने कॉम्प्युटर ठेवला, म्हाताऱ्याने कळ दाबली. परकी बाई दुसरं गाणं म्हणू लागली.

म्हातारा तळव्याने मांडीवर ठेका धरत होता. ऐकू धड येत नसल्याने ठेका मागे पडत होता. ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला, आणि समेवर दाबला.