एकवीरेची शपथ

तेव्हाच जीभ झडली असती माझी तर बरं झालं असतं. सत्त्याऐंशी साली मी, कुंदा सिस्टर, अंधेरीच्या एका हॉस्पिटलात कॅन्सरच्या वॉर्डात होते. वर्सोव्याचे महादू कोळी चार नंबरच्या खाटेवर. रोग पार मणक्यात उतरलेला. डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिनची सुई लिहिली होती. पहिल्या सुईनंतर माणूस चक्क हसला. बायकोला म्हणाला, "मंजुळे, बोंबील तळून आन गं."

मंजुळेनं मला विचारलं, "कसलं औषद हाय, बाय?" आणि मी शहाणी बोलून गेले, "अफूचं. जपून हं, दारूपेक्षा वाईट सवय लागते." आम्हाला शिकवलंच होतं तसं! मरणाऱ्याला सवय लागून कुणाचं काय बिघडणार होतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

महादूंची दारू मंजुळेनं एकवीरा आईची शपथ घालून सोडवली होती. दहा वर्षं थेंब नाही. त्याच संध्याकाळी तिनं सुईचीही शपथ घातली.

सकाळी मी सुई भरून गेले तर त्यांनी हात मागे घेतला. "नको बाय. आईची शपत हाय." ओठ चावून रक्त आलेलं.

"अहो दादा, मी चुकले, मूर्खासारखी बोलले! घ्या ना!" हात जोडले मी.

"माझी पोरं दर्यात असतात, बाय. शपत कशी मोडू?"

डॉक्टर आधी त्यांच्यावर ओरडले, मग माझ्यावर. नियमाप्रमाणे माझी आणि दुसऱ्या सिस्टरची सही घेऊन ती भरलेली सुई बेसिनमध्ये ओतली.

मंजुळेला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. तिनं पदर खोचला. म्हणाली, "कार्ल्याला जाऊन आईलाच सांगाय लागंल, मगच सुटंल." तशीच निघाली. मी दिवसभर महादूंना विनवत राहिले, "ती शपथ सोडवायलाच गेलीय, तोवर तरी घ्या." ते मान हलवून नाहीच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धावत आली, कपाळभर कुंकू, हातात प्रसादाचा नारळ. "सुटली बाय शपत! दे आता सुई!"

चार नंबरची खाट तोवर धुऊन झाली होती.

तिनं नारळ रिकाम्या खाटेवर ठेवला. मग हळूच म्हणाली, "झोपेत गेला ना?"

"हो," म्हटलं मी.

खाटेचा गज त्यांच्या मुठीतून सोडवायला आम्ही दोघी सिस्टर लागलो होतो.