दात वाळण्याआधी

"यापुढे मी पुढचे दात घेणार नाही," जाऊबाई म्हणाल्या. "दाढा करीन. दाढेकडे कोण बघतंय?"

त्यांच्यासमोर टेबलावर परत आलेली कॅप होती. वरच्या ओळीतला समोरचा एक दात, पोर्सिलेनचा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: 'पुन्हा पांढरी दिसते.' 'पुन्हा'खाली रेघ ओढलेली.

आमची लॅब म्हणजे घरामागच्या दोन खोल्या. एकीत भट्टी, दुसरीत खिडकीखाली जाऊबाईंचं टेबल. दातांचे डॉक्टर माप आणि फोटो पाठवतात, त्यावरून त्या दात घडवतात. अठ्ठावीस वर्षं हेच काम. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. ती नोकरी संपल्यापासून भट्टीचं तापमान आणि नोंदी माझ्याकडे आहेत. पोर्सिलेनला हात लावायची मला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे.

"एकाच दाताला दोनदा चुकले. म्हणजे डोळे गेले," जाऊबाई म्हणाल्या.

"डोळे असे एका डॉक्टरपुरते जात नाहीत, ताई. बाकीच्यांचे दात कुठे परत आलेत?"

"येतील."

या डॉक्टरांनी नुकताच कॅमेरा घेतला होता. त्याआधी ते पेशंटलाच आमच्याकडे पाठवत, आणि जाऊबाई खिडकीशी उभं करून रंग ठरवत. मी त्यांचे दोन्ही वेळचे फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी उघडले. पेशंटच्या चांगल्या दाताला लागून डॉक्टरांनी नमुन्याचा दात धरला होता. रंगांच्या संचातला तोच नमुना, त्याच क्रमांकाचा. पण एका फोटोत तो पिवळट दिसत होता, दुसऱ्यात निळसर.

"कॅमेरा ऑटोवर आहे," मी म्हणाले. "उजेड किती घ्यायचा, पांढरं कशाला म्हणायचं, हे तो दर फोटोला नव्याने ठरवतो. समोर लाल हिरड्या जास्त आल्या की गडबडतो."

"म्हणजे दोष कॅमेऱ्याचा?"

"त्याच्यावर सगळं सोपवणाऱ्याचा."

"हे डॉक्टरांना तू सांग. मला त्यांच्याकडून दाढा हव्यात."

मी सांगितलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पेशंटला बोलावलं आणि मी दवाखान्यात गेले. निघताना जाऊबाई म्हणाल्या, "ही तिसरी शेवटची. फसली तर दाढा."

पेशंट प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका होत्या. तात्पुरती प्लॅस्टिकची कॅप लावलेली, त्यामुळे वरचा ओठ खाली ओढून बोलत होत्या. "मुलं विचारतात, बाई रागावलात का," त्या म्हणाल्या. "महिनाभर रागावलेलीच आहे मी त्यांच्या हिशेबाने."

डॉक्टरांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "चांगला आहे. सगळं आपोआप करतो."

"तेच बंद करायचंय."

मी मॅन्युअलवर गेले. आयएसओ शंभर, म्हणजे फोटोत दाणे नकोत. अ‍ॅपर्चर बावीस, म्हणजे पुढच्या दातापासून सुळ्यापर्यंत सगळं स्पष्ट. शटर एकशे पंचविसाव्या हिश्शावर. फ्लॅशची ताकद ठरवून कायम केली. मग राखाडी कार्डाचा फोटो घेऊन व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याचं माप, त्यावर बांधला. आता कॅमेऱ्याला स्वतःचं मत उरलं नव्हतं.

शिक्षिकेला ओठ ताणून धरणारा प्लॅस्टिकचा चाप लावला आणि फोटो घ्यायला लागले. फ्लॅशची चकाकी दातावर नेमकी मधोमध पडत होती. कोन बदलला. नमुन्याचा दात किंचित पुढे आला होता, तो मागे घेतला. अंतर बदलून पाहिलं. अशा कामात मी कधी घाई करत नाही. वीस मिनिटांत चौदा फोटो झाले आणि शेवटचा अगदी मनासारखा आला.

"हा पाठवू," मी म्हणाले.

निघण्यापूर्वी सवयीने पहिला आणि शेवटचा ताडून पाहिला. नमुन्याचा दात दोन्हीत सारखाच होता. शिक्षिकेचा शेजारचा चांगला दात मात्र शेवटच्या फोटोत पांढरा दिसत होता. थोडाथोडका फरक नव्हता. संचातला आणखी एक पायरी पांढरा नमुना लावावा लागला असता.

मी सेटिंग पुन्हा तपासली. काहीही हललेलं नव्हतं. मधले फोटो ओळीने पाहिले. नमुना होता तसाच, आणि दात पायरीपायरीने पांढरा होत गेलेला. कॅमेरा बदलला नाही, नमुना बदलला नाही, म्हणजे दातच बदलला होता.

मग मला माझीच चूक दिसली. ऑटोवरचा कॅमेरा कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. परत आलेल्या दोन्ही कॅपा पांढऱ्याच होत्या. चूक दोन्ही वेळा एकाच बाजूला होते, तेव्हा तिचं कारण वेगळं शोधायचं असतं. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते.

"डॉक्टर, तुम्ही फोटो कधी काढता?"

"शेवटी. काम आटोपल्यावर, निवांत."

"तोवर तोंड किती वेळ उघडं असतं?"

"तासभर तरी..." ते थांबले. हातातला आरसा खाली ठेवला. "दात वाळतो. वाळला की पांढरा पडतो. आम्हाला हे पहिल्याच वर्षी शिकवतात."

"आणि आज मीही वीस मिनिटं वाळवला."

शिक्षिकेने चाप काढायची खूण केली. "मग आता भिजत घालू का मला?"

"उद्या सकाळी या," डॉक्टर म्हणाले. "रात्रभरात पूर्ववत होईल."

सकाळी जाऊबाईही आल्या. या वेळी शिक्षिका येण्याआधीच सगळं जुळवायचं ठरवलं, त्यासाठी दात हवे होते आणि डॉक्टरांचे मोकळे होते. ते स्वतःच्याच खुर्चीत चाप लावून आडवे झाले. मी अंतर, कोन, चकाकी सगळं त्यांच्या दातांवर पक्कं केलं.

"डॉक्टर, काही त्रास होत असेल तर सांगा हं," जाऊबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी छताकडे बघत काहीतरी उत्तर दिलं, ते कुणालाच कळलं नाही.

मग शिक्षिका बसल्या. चाप, नमुना, दोन फोटो, तोंड बंद. अर्धं मिनिटही लागलं नाही.

लॅबमध्ये जाऊबाईंनी फोटो पडद्यावर मोठा करून नमुन्याचा खरा दात शेजारी धरला. दोन्ही एकसारखे. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"खालच्या कडेला राखाडी छटा आहे," त्या म्हणाल्या. "केसभर."

"मला दिसत नाही."

"तुला नाही दिसणार."

मी तो भाग आठपट मोठा केला. कडेला अर्धपारदर्शक राखाडी रेघ होती. कॅमेऱ्यात ती आधीपासून होती; मला दाखवावी लागली, त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिली होती.

"डोळे गेले म्हणत होतात," मी म्हणाले.

"तू कॅमेरा बघ," त्या म्हणाल्या, आणि पोर्सिलेनची पूड कालवायला घेतली.

कॅप बसवली त्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. शिक्षिकेने आरशात पाहून कोणता दात नवा, असं विचारलं होतं आणि डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवल्यावरही त्यांचा विश्वास बसत नव्हता. डॉक्टर ते रंगवून सांगत होते. जाऊबाईंनी मधेच विचारलं, "आणि आत्ता काय काम आहे?"

आणखी एक पेशंट होता. समोरचे दोन दात, दोन्ही वरचे.

जाऊबाईंनी हातातल्या ब्रशचं टोक नखाने सरळ केलं. 

"फोटो काम सुरू करण्याआधी काढलात का?" त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, त्यावर त्यांनी मान डोलावली. "मग पाठवा."