अकराव्या मजल्यावरचे भाडेकरू

लिफ्ट थांबली तेव्हा तिचा तळ आणि बाहेरची फरशी अशी एका रेषेत आली की मिस्त्रीच्या तोंडून आपसूक "वा" निघून गेलं. उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाची दाद होती ती.

दार सरकलं. समोर आकाश होतं.

"आलं का घर?" मागून बायकोने विचारलं. तिच्या काखेत पडद्यांची पिशवी होती.

"आलं," वॉचमन म्हणाला. "जरा जपून उतरा. कडेला जाऊ नका, भिंती नाहीत."

वॉचमन आपल्याच भाषेचा निघाला होता. परमुलखात नशिबाने एवढीच काय ती साथ दिली होती.

अकराव्या मजल्यावर खांब होते, खांबांतून वर आलेल्या गंजक्या सळ्या होत्या आणि वारा होता. जमिनीवर खडूच्या रेघा मारून खोल्या आखल्या होत्या. एका चौकोनात मोठ्या अक्षरांत फ्लॅटचा नंबर घातला होता. तो बरोबर त्यांचाच होता. फसवणुकीतसुद्धा माणसं किती व्यवस्थित असतात.

हे सगळं सुरू झालं ते मेहुण्यामुळे. "भावोजी, परदेशात एक फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा आणि इथे पाय पसरून झोपायचं," असं तो म्हणाला होता. मिस्त्रीने राहत्या दोन खोल्या विकल्या, परदेशात फ्लॅट घेतला आणि पाय पसरून झोपायला मेहुण्याच्या गॅलरीत गेला. गॅलरीत पाय पुरते पसरत नव्हते, पण माणूस घरमालक झाला होता.

घेण्याआधी एजंटने फोनवर विचारलं होतं, "व्हिडिओवर काय काय दाखवू?" कुणी स्वयंपाकघर दाखवा म्हणालं असतं, कुणी नळाला पाणी आहे का विचारलं असतं. मिस्त्री म्हणाला, "लिफ्ट दाखवा." एजंटने लिफ्ट वर नेली, खाली आणली. मिस्त्रीने फोन कानाला लावून तिचा आवाज ऐकला. कुठे खडखड नाही, हिसका नाही. "ज्यांनी लिफ्ट एवढी नेकीने बसवली, ते भिंतीत कशाला खोट ठेवतील?" असं तो बायकोला म्हणाला. ते एका अर्थी खरंच ठरलं. भिंतीत कसलीच खोट नव्हती.

सुरुवातीला भाडं नेमाने येत होतं. भाडेकरू म्हणजे नवरा, बायको आणि सारखी खोकणारी एक मुलगी, असं एजंटने कळवलं होतं. मध्ये मोरीतला नळ गळतो म्हणून त्यांची तक्रार आली, तेव्हा मिस्त्रीने उसनवारी करून दुरुस्तीचे पैसे पाठवले. बायकोने मुलीच्या खोकल्यासाठी आल्या-मधाचा उपाय कळवला. "गुण आला," असं उत्तरही आलं. मग भाडं थांबलं आणि एजंटचा फोनही. तिकडे मेहुण्याच्या बायकोला दिवस राहिले होते. महिनाअखेर गॅलरी रिकामी करून हवी, असं मेहुण्याने जड मनाने आणि हलक्या आवाजात सांगितलं. म्हणून, होतं नव्हतं ते मोडून दोघं इथे आली होती. भाडेकरूंना समजावायचं, नाही ऐकलं तर बाहेर काढायचं आणि फ्लॅट विकून परत आपल्या दोन खोल्या घ्यायच्या, असा बेत होता. कडक कसं बोलायचं याची तालीम मिस्त्रीने वाटेत दोनदा केली होती.

"आधी लिफ्टच बसवली होती," वॉचमन सांगत होता. "मालक लोकांना व्हिडिओ दाखवायचा असायचा ना. मग कंपनीच उठून गेली. माझा पगार पण राहिलाय."

"पण लिफ्ट नंबर एक आहे हो," मिस्त्री म्हणाला. काहीतरी बोलायला हवं होतं.

बायको खडूच्या रेघांकडे बघत उभी होती.

"अहो, म्हणजे ती पोरगी पण नव्हतीच?"

"कुठली?"

"खोकणारी."

"नव्हतीच."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "फार खोकत होती."

इतक्यात मेहुण्याचा फोन आला. "काय भावोजी, पोचलात का? भाडेकरू कसे आहेत?"

"शांत आहेत. अजिबात आवाज नाही."

"ऐकतील ना?"

"उलटून बोलले नाहीत अजून."

"मग महिनाअखेरचं आपलं..."

"हो, हो. ते ठरल्याप्रमाणेच," मिस्त्री म्हणाला आणि फोन खिशात टाकला. बोलता बोलता तो रेघ ओलांडून फ्लॅटमध्ये शिरला होता, म्हणजे बैठकीच्या भिंतीतून आरपार आला होता. बायको मात्र रेघेच्या कडेकडेने गेली. जिथे दारासाठी जागा सोडली होती तिथे थांबली, चपला काढल्या आणि आत आली. मग बैठक, स्वयंपाकघर, मोरी असं एकेक बघितलं. खिडकीच्या जागी उभं राहून पडद्याचं माप वितीने हवेतच घेतलं.

"वीतभर आखूड झाले असते," ती म्हणाली.

मिस्त्री मागे फिरला आणि मघाशी भिंतीतून आलेला माणूस या वेळी दारातून बाहेर पडला.

"चला, जनरेटरचं डिझेल संपत आलंय," वॉचमनने हाक मारली. "बंद पडली तर उतरायला जिना पण नाही."

लिफ्ट खाली निघाली. एवढासाही हिसका बसला नाही. मिस्त्रीने सवयीने कान दिला होता, पण दाद दिली नाही. मान खाली घातली तेव्हा त्याला बायकोचे अनवाणी पाय दिसले.

"अगं, चपला वर राहिल्या."

"राहू देत."

"अशी कशी राहू देत? परत नेतो वर."

"नको. दाराबाहेर चपला दिसल्या की घरात माणसं आहेत असं वाटतं," ती म्हणाली. "घर अगदीच उघडं टाकून कसं जायचं?"

वॉचमन बटणांकडे बघत राहिला.

बाहेर रस्ता तव्यासारखा तापला होता. मिस्त्रीने आपल्या चपला काढून तिच्या पायांपुढे ठेवल्या. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग त्यांत पाय सरकवले. दोन बोटं मोठ्या होत्या. पडद्यांची पिशवी काखेत मारून ती फटक फटक चालू लागली, आणि मिस्त्री तिच्या सावलीत पाय टाकत मागून निघाला.