मान हलवली होती

"मावशी, एवढी चिठ्ठी साहेबांना दे. माझं ते ऐकत नाहीत. तू वयानं मोठी आहेस."

जपाला बसले की हाच आवाज येतो. आमच्या मुलींच्या संघातल्या गोलरक्षक पोरीचा.

त्या सकाळीही मी जपातच होते. सूर्य उगवल्यापासून माळा पुऱ्या होईपर्यंत मी बोलत नाही. एकवीस वर्षांचा नेम. संघाचे कपडे धुण्या-शिवण्याच्या माझ्या खोलीत सगळ्यांना तो ठाऊक. "मौन आहे ते बरंय," ती हसली होती, "नाहीतर मळक्या मोज्यांवरून माझी पूजा बांधली असतीस."

मी मान हलवली. चिठ्ठी बटणांच्या डब्यात ठेवली. डॉक्टरांनी लिहिलं होतं: छातीत दुखतं, आठ दिवस सराव नको. शेवटची माळ उरली होती. ती संपवून मैदानावर पोचले, तर पोर गोलखांबापाशी पडलेली आणि बाकीच्या तिला हाका मारत होत्या. ती पुन्हा उठलीच नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, विचारलं, "तुमच्यापाशी काही बोलली होती का?" दुपार होती, मौन नव्हतं. तरी मी "नाही" म्हटलं. मग संघटनेनं पत्रक काढलं: खेळाडूनं आजाराचा कागद दिलाच नव्हता.

पुढच्या सामन्याला राष्ट्रगीत सुरू झालं. मी कडेला ताठ उभी होते. मुलींनी रांगेत एक जागा मोकळी सोडली आणि दहाही जणी एका गुडघ्यावर बसल्या. शिव्या आल्या, बाटल्या आल्या. संध्याकाळी मंत्री म्हणाले, "ज्यांना देशासाठी उभं राहवत नाही, त्यांनी देशासाठी खेळू नये." माफीनामा द्या, नाहीतर संघ बरखास्त.

त्या दहाजणींचे मोजे मी तीनदा धुतले. उजव्या मोज्यांवरचे गवताचे डाग काही जाईनात. दोरीवर दहा उजवे मोजे घातले. काढायला गेले तर अकरा भरले. मी पुन्हा मोजले नाहीत.

काल कर्णधार आली. डोळे सुजलेले, जीभ मात्र तशीच तिखट.

"उद्या आठला चौकशी आहे. तिच्या आजाराच्या कागदाचा पुरावा आणा म्हणे! काय नेऊ, तुझी इस्त्री?"

"माफी मागून टाका ना गं," मी म्हटलं.

"कशाची? गीताशी आमचं भांडण नाही, मावशी. तिला 'खोटारडी' म्हणतात, त्याच्याशी आहे." दारात ती थांबली. "तू आमच्यासाठी जप कर. तेवढं तर तुला जमेल."

बिचारी मनापासून म्हणाली. म्हणूनच लागलं.

आज सूर्य उगवला, मी माळ धरली. तिसऱ्या की चौथ्या मण्याला आवाज आला, आणि या वेळी मी डोळे मिटून घेतले नाहीत. मान हलवली म्हणजे शब्दच दिला की. देवाला दिलेला नेम पाळत राहिले आणि पोरीला दिलेला शब्द बटणांखाली दडपून ठेवला. देव तरी असा नेम घेऊन काय करील?

माळ अर्धवट पाटावर ठेवली. बटणं पदरात ओतली, तळाची चिठ्ठी काढली. घडीवर अजून तिच्या बोटाचा मातकट ठसा आहे.

"येते गं," मी मोठ्यानं म्हटलं. एकवीस वर्षांत या वेळी खोलीनं माझा आवाज ऐकला नव्हता.

चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि चौकशीच्या कचेरीची वाट धरली.