खिडकीवरचा नागरिक

मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात स्वयंपाकघराच्या ग्रिलला समाधानचा चेहरा बांधलेला होता. म्हणजे फ्लेक्स. दोन वर्षांपूर्वी, तो लग्नासाठी आला होता तेव्हा, सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या गेटवर लागलेला. ‘कॅनडाचे नागरिक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ झेंडावंदन झाल्यावर सेक्रेटरींनी शाल-श्रीफळ दिलं आणि आज प्रजासत्ताक दिनी आपण दुसऱ्याच देशाच्या माणसाचा सत्कार करतोय, असा विनोदही करून घेतला. सगळे हसले, समाधानही हसला. त्याचे वडील कोंडिराम मात्र हसले नव्हते, त्यांचे डोळे भरले होते. परभणीकडून आलेला माणूस, जन्मभर महापालिकेच्या पाणीखात्यात वॉल्व्ह उघडले-मिटले, आणि मुलगा थेट कॅनडाचा नागरिक. तो फ्लेक्स त्यांनी कुणाला टाकू दिला नाही. पावसाचे सपकारे आत येऊ नयेत म्हणून ग्रिलला बांधला, तोही छापील बाजू आत करून, उन्हाने लेकाचा चेहरा उडायला नको.

त्यामुळे पंचशीलाला चहा टाकताना रोज नवऱ्याचा अर्धा गाल आणि ‘नागरिक’ एवढा शब्द दिसायचा. उरलेलं गॅसच्या नळीमागे गेलं होतं.

पंचशीला बी.कॉम. झालेली. घरात कुठलाही फॉर्म असो, तिच्याकडेच यायचा, कारण ती प्रत्येक ओळ दोनदा वाचायची. बाळंतपणानंतर तर तिचं हे वाचणं वाढलंच होतं. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू, गॅसचं बटण, दाराची कडी. समाधान म्हणायचा, तू इन्स्पेक्टर आहेस. म्हणू दे. मित्रा अजून अडखळत चालत होती आणि जे हाताला लागेल ते तोंडात घालत होती.

मित्रा म्हणजे संघमित्रा. तिच्या जन्मासाठी समाधान दिवाळीत आला तो राहिलाच. बाळ घरी येऊन पुरता महिनाही झाला नव्हता, तोच कोंडिरामांची उजवी बाजू गेली. मुलगा एकुलता, सासूबाई आधीच गेलेल्या. तिकडची गोदामातली नोकरी सुटली, भाड्याची खोली सोडावी लागली. समाधानने वडिलांना अंघोळ घातली, भरवलं, व्यायामासाठी काशीगावला रिक्षाने नेलं-आणलं. सगळी बिल्डिंग म्हणायची, मुलगा असावा तर असा. पंचशीलालाही तसंच वाटायचं. आता बाबा काठी धरून संडासापर्यंत जायला लागले होते, म्हणून तिने लॅपटॉप उघडून बायको-मुलीला बोलवायचे फॉर्म भरायला घेतले होते.

त्या रविवारी उत्तनहून क्लारा आली. कॉलेजची मैत्रीण. पुढच्या महिन्यात ती कॅनडाला चालली होती, नवऱ्याकडे, लेस्लीकडे, म्हणून निरोप घ्यायला. लेकाचे तोकडे झालेले कपडे पिशवीभर घेऊन आली होती मित्रासाठी. समाधान बाबांना घेऊन काशीगावला गेला होता. दोघी स्वयंपाकघरातच बसल्या.

फॉर्मवाली जाणती बाई घरात आलीच आहे, तर पंचशीलाने अडलेलं विचारून घेतलं. मित्राचा इथला पासपोर्ट तिने काढलाच नव्हता. बाप तिकडचा नागरिक, म्हणजे पोरगी आपोआप तिकडचीच, असं सगळे म्हणायचे आणि समाधानही थांब म्हणायचा. पण त्यासाठी बापाचं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट लागत होतं आणि ते मागितलं की समाधान कपाटात बघतो म्हणून विषय टाळायचा. ते दिसतं तरी कसं? कागद असतो की कार्ड?

“कसलं सर्टिफिकेट?” क्लारा म्हणाली. “समाधान सिटिझन कधी झाला?”

पंचशीलाने खिडकीकडे बोट केलं. क्लाराने मान वाकडी करून फ्लेक्स वाचला आणि खळखळून हसली. मग पंचशीलाचा चेहरा बघून तिचं हसणं थांबलं. तिने विचारलं, त्याचा पासपोर्ट कुठला आहे? पंचशीलाने आतून आणून दाखवला. निळा, तीन सिंहांचा. ही वस्तू तिने कितीदा पुसून परत ठेवली होती. डोळ्यात तेल घालून औषधाच्या तारखा बघणाऱ्या बाईला नवऱ्याच्या पासपोर्टचे सिंह दिसले नव्हते.

क्लारा हळूहळू सांगत गेली. समाधानकडे आहे ते कायम राहायच्या परवानगीचं कार्ड, पीआर. लेस्लीकडेही तेच. त्याने नागरिक होत नाही माणूस. नागरिक असता, तर इथं राहूनही बायकोला बोलवायचा अर्ज करता आला असता, पुढे दोघं तिकडेच राहणार एवढं दाखवून. पीआरवाल्याला ती सवलत नाही. तो तिकडे राहत असला पाहिजे, आणि बायको पोचेपर्यंत तिथंच असला पाहिजे. आणि मित्रा भाईंदरला जन्मली, बाप भारतीय, आई भारतीय. ती भारतीय.

“म्हणून तर लेस्ली हलला नाय तिकडून,” क्लारा म्हणाली. “माझ्या डिलिव्हरीला आला नाय. सासरा गेला, मातीला आला नाय. गावात काय काय बोलले त्याला. मीपण बोलले. रडून रडून शिव्या दिल्या फोनवर.” ती मित्राच्या अंगाला एक झबलं लावून बघत होती. “तुझा आला, पंचू. बसला बायकोजवळ, बापाजवळ. त्याचंच नडलं.”

जाताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली, दारात चपला घालताना, म्हणजे बसून ऐकावी लागू नये अशी. पाच वर्षांत मिळून किमान दोन वर्षं तिकडे काढावी लागतात, नाहीतर ते कार्डही जाऊ शकतं.

बाबांना पलंगावर टेकवून समाधान पाणी प्यायला आत आला. पंचशीलाने पासपोर्ट ओट्यावर ठेवला होता. बाबांसमोर ती त्याला अहो म्हणायची, दोघंच असली की नावाने.

“समाधान, तुला माहीत होतं?”

त्याने पासपोर्टकडे बघितलं, मग फ्लेक्सकडे. माहीत होतं आणि नव्हतं, असं काहीतरी तो बोलला. तिकडे त्याच्याबरोबरची सगळी मुलं म्हणायची, मतदान सोडलं तर सगळं सारखंच. फ्लेक्स छापून आल्यावर त्याने सेक्रेटरींना कानात सांगायचा प्रयत्न केला होता. ते म्हणाले, अरे, एकच बात है. आणि बाबा शाल घेऊन उभे होते.

“त्यांच्यासमोर काय सांगणार होतो मी? की अर्धाच झालोय?”

“मला सांगायचंस.”

मित्रा त्याचा पायजमा धरून उभी राहत होती. त्याने तिला उचललं.

मग दोघांनी मिळून हिशेब केला, आवाज न चढवता, कारण भिंतीपलीकडे बाबा होते. तो आत्ता गेला तर कार्ड वाचण्याची आशा होती. नोकरी शोधायची, खोली घ्यायची, मग तिथून अर्ज. त्यानंतर किती काळ, ते कुणीच लिहून देत नाही. तोवर मध्ये यायचं नाही, लेस्लीसारखं. इथे पंचशीला, मित्रा आणि काठीवरचे बाबा. आणि समजा तिचं झालंच, तर बाबांना कुणाच्या भरवशावर ठेवून ती विमानात बसणार? परभणीत जे उरले होते, त्यांनाच कुणी नव्हतं. आणि नाही गेला तर मग हे सगळं कशासाठी केलं होतं?

लॅपटॉपवर फॉर्म उघडाच होता. ‘नागरिकत्व’ या रकान्यात तिने पूर्वी कॅनडा लिहिलं होतं, ते खोडून भारत केलं. खालच्या रकान्यात सध्या कुठे राहता, ते विचारलं होतं. खरं लिहायचं तर पूनम सागर, मीरा रोड. चालेल असं लिहायचं तर कॅनडा, आणि ते खरं होण्यासाठी आधी या माणसाने घरातून उठून जायला हवं. तिने तो रकाना रिकामा ठेवला.

बाबांना मात्र सांगायलाच हवं होतं. समाधान त्यांच्या पायाशी बसला, पंचशीला दारात उभी राहिली. सत्काराचं, कार्डाचं, सगळं त्याने सांगितलं. मी अजून भारताचाच नागरिक आहे बाबा, दुसरा कुठला नाही, आणि आता लवकर परत जावं लागेल. कोंडिराम ऐकत राहिले. आजारानंतर त्यांचे शब्द ओले होऊन यायचे, जुळवायला वेळ लागायचा. पंचशीलाला वाटलं, आता यांचं मन मोडणार. पण त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हळूहळू हसायला लागली.

“म्हंजी तू हितलाच हाईस की,” ते म्हणाले. “मंग जातो कशाला?”

समाधानने पंचशीलाकडे बघितलं. तिने बघितलं मित्राकडे, जी आजोबांची काठी जमिनीवरून उचलायला जात होती आणि तिला ती उचलत नव्हती. बाबा डाव्या हाताने लेकाचं मनगट धरून बसले होते. उत्तर येईपर्यंत सोडणार नव्हते. पंचशीला आत गेली आणि चहा टाकला.