अर्धं जायफळ

आमच्याकडे, इटलीतल्या मोदेनात, नव्या सुनेच्या हाती लाटणं देतात, सारण देत नाहीत. तोर्तेल्लीनीची, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या बोटभर करंज्यांची, पारी मी बावीस वर्षं लाटतेय. सारण मात्र माझ्या सासूबाई, आर्जिया, स्वयंपाकघराचं दार आतून लावून कालवायच्या. त्यात भर म्हणजे घरी शिकायला येणाऱ्या प्रवाशांना त्या तेच सारण वहीत उतरवून द्यायच्या! डेन्मार्क-जपानहून कुणीही उठावं आणि शिकून जावं. तेव्हाही दार बंदच, आणि मी बाहेर पीठ मळत. माझा नुसता जळफळाट व्हायचा, लपवू कशाला?

गेल्या आठवड्यात सासूबाई अंगणात घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. शनिवारी मार्ग्रेटे नावाच्या डॅनिश बाई शिकायला यायच्या होत्या.

"येऊ नका म्हणून कळव त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

"मी कालवते की, आई."

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "बघू. पण सारण बिघडलं तर वर्ग कायमचा बंद. माझ्या घरी येऊन कुणी नाक मुरडलेलं मला खपायचं नाही."

शनिवारी त्या प्लास्टर मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. बाई वही उघडून तयार. मी वाडग्यापाशी.

"परतलेलं डुकराचं मांस, मोर्तादेल्ला सॉसेज, खारवलेलं मांस, जुनं चीज, एक अंडं," सासूबाई सांगत गेल्या, "आणि अर्धं जायफळ."

मी जायफळ किसणीवर चार-सहा वेळा फिरवलं आणि वाडग्यात नाक घातलं. सारण आमच्याकडे चाखत नाहीत, हुंगतात. दाराच्या फटीतून दर रविवारी यायचा तो वास एवढ्यातच आला होता. अर्धं घातलं असतं तर सगळं काढ्यासारखं लागलं असतं. म्हणजे म्हातारी इतकी वर्षं अख्ख्या जगाला थापा मारत होती!

मी जायफळ खाली ठेवलं.

"त्या अर्धं म्हणाल्या," मार्ग्रेटे बाई मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हणाल्या. "तुम्ही तर जेमतेम किसलंत."



"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. वाडगं नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले. पुन्हा हुंगलं. मग पाहुणीला कळू नये म्हणून आमच्या गावबोलीत विचारलं, "कुणी सांगितलं गं तुला?"

"दार लावता आलं, आई. वास कसा कोंडणार?"

 बाईंची पेन्सिल वहीवर थांबलेली. "मग मी लिहू काय?"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. खरं सांगितलं असतं तर त्यांची अब्रू गेली असती आणि माझ्या हाती आलेला वर्गही.

"अर्धंच लिहा," मी म्हटलं. "हे आमच्याकडचं जायफळ फार उग्र आहे हो. तुमच्याकडची मिळमिळीत असतात."

बाईंनी अर्ध्याखाली दोन रेघा ओढल्या. सासूबाई तोंडाला रुमाल लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग डाव्या हाताने माझा गाल ओढत म्हणाल्या, "उद्याचं सारण तूच कर. पुढच्या शनिवारचा वर्गही तूच घे. आणि शेजारची इर्मा विचारायला आलीच, तर तिलाही अर्धंच सांग."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरची झाले. थापेचं पाप लागायचं असेल तर लागो.