तिटेएवढं टिंब

"अगं, जाईल कुठं? घरातच असंल," गहू निवडता निवडता प्यारीबाई म्हणाल्या, जणू सुनेची जोडवीच हरवली होती.

डिंपल लॅपटॉपसमोर गार पडली होती. आत्ता तर फोल्डर समोर होता. तिनं त्याचं नाव बदललं, एंटर दाबलं, आणि पाण्यातून बोट काढावं तसा तो मिटला. मागं तरंगसुद्धा नाही.

आत तिच्या तान्ह्या संयमला येणाऱ्या फिटच्या झटक्यांचे व्हिडिओ होते. नुसत्या सांगण्यावरून औषध ठरवता येत नाही, झटका डोळ्यांनी दिसायला हवा, असं नारायणगावचे डॉक्टर म्हणाले होते. उद्या जायचं होतं. मोबाइलमधले तर तिनं स्वतःच पुसून टाकले होते. कुणा पाहुण्याच्या नजरेला पडायला नकोत.

"फुकटातली शिष्टिम घातलीस, मग पळणारच!" सासूबाईंनी खडा बाजूला टाकला.

लॅपटॉपवर ती मोफतची ऑपरेटिंग सिस्टिम घातली होती वृषालीनं. कॉलेजातली मैत्रीण, आता अवसरीला कॉम्प्युटर शिकवायची. डिंपलनं तिला स्पीकरवर फोन लावला.

"नेमकं काय नाव दिलंस?"

"संयमच. फक्त आधी एक टिंब दिलं."

"टिंब? ते कशाला?"

डिंपलनं झोळीकडं पाहिलं. संयमच्या गालावर सकाळची तीट होती. "दृष्ट लागू नये म्हणून," ती पुटपुटली.

वृषालीला हसू फुटलं. "डिंपे, नावाआधी टिंब दिलं की ही सिस्टिम फोल्डर लपवून ठेवते! लागू पडली की गं तुझी तीट. कंट्रोल धर अन् एच दाब."

फोल्डर परत आला. फिकट, दिवसा दिसणाऱ्या चंद्रासारखा. डिंपलला तो ओला ओला दिसू लागला.

"ही सिस्टिम बनवणारे लोक सूचना मागवतात," वृषाली म्हणाली. "काय सुधारायचं सांग, मी कळवते."

"लपवण्याआधी एकदा विचारा म्हणावं." बाहेर दुपार पेंगुळली होती, झोळीची दोरी हलके करकरत होती. डिंपलला वाटलं, फोल्डरवर हात ठेवला की आतलं मूल उबदार लागावं, कान लावला की त्याचा श्वास ऐकू यावा. "आणि लपलेल्याच्या जागी काहीतरी राहू दे. बाळ उचलल्यावर उशीला खळगी राहते, तेवढंच. आईला कळेल असं."

"हे मी इंग्रजीत कसं लिहू, बाई? बरं, ते टिंब काढ आधी. उद्या डॉक्टरांसमोर शोधत बसशील."

"काडू नको," प्यारीबाई एकदम म्हणाल्या. "झाकल्यालं हाय ते बरंय. आपल्यात लई बोलत्यात."

"मम्मी, न दिसणाऱ्यावर औषध कसं देतील?"

प्यारीबाई पुन्हा सुपातले गहू निवडू लागल्या. झटका आला की त्या भिंतीकडं तोंड करून नवकार मंत्र म्हणत बसायच्या.

डिंपलनं टिंब पुसलं. फोल्डर उजळला. संयमचं नाव तिला उघडं, बिनतिटेचं वाटलं.

प्यारीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. झोळीत वाकून त्यांनी घामानं पसरलेली तीट पदरानं टिपली, काजळाच्या डबीत बोट बुडवून नवी लावली. मग डिंपलशेजारी येऊन बसल्या.

"कसं व्हतं त्याला," त्या म्हणाल्या, "मला बी दाव," आणि चष्म्यासाठी हात पुढं केला.